चोपड्याच्या शर्यतीत मी पहिला

२ जानेवारी, सकाळी ६
सव्वीस तारखेला चोपड्यात नदीकाठच्या रस्त्यावर सत्तरीवरच्यांची चालण्याची शर्यत. दोन किलोमीटर. नाव दिलं. गोकुळदासनेही दिलंय म्हणे. शाळेत त्यानं मला शंभर मीटरमध्ये हरवलं, त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. वारा त्याच्या बाजूचा होता.
संकल्प: रोज पहाटे चालणे. बेकरीतले उंडे पाव बंद.

३ जानेवारी
धुकं. उद्यापासून.

९ जानेवारी
चाललो. शाळेतल्या कवितांच्या चालीवर पावलं टाकतो, दम टिकतो. फक्त दयेवरची ती कविता आली की डोळे भरतात नि वेग पडतो. सदतीस वर्षं शिकवली, एकदाही कोरड्या डोळ्यांनी नाही. शर्यतीत ती म्हणायची नाही.
वाटेत पाव विकणारा पोदेर भेटला. दोन उंडे. गरम होते.

१७ जानेवारी
गोकुळदास सराव करताना दिसला. सराव कसला, दर घरापुढं थांबून चौकशा. शेजारच्या अनंताचं प्रेशर कसं, कुणाची गाय व्याली का. हा म्हणे खेळाडू. मला म्हणाला, तू, मी नि अनंत, तिघं गजाली करत बरोबरच जाऊ, जिंकान खंय नेतलंस मास्तरा?
घाबरलाय.

२६ जानेवारी, दुपारी
पहिला. मी.
अर्ध्यावर गोकुळदास नि अनंत चार पावलं पुढं होते. एकाएकी अनंत डोकं धरून खाली बसला. आणि गोकुळदास थांबला. भर शर्यतीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन टोपीनं वारा घालत बसला. असल्या ढिल्या माणसानं मला हरवलं होतं. मला हाक मारली, मास्तरा, पाणी दी. बाटली हातातच होती, पण थांबलं की ताल तुटतो. बाजूनं गेलो.
रेषेवर पोचलो तर फीत धरणारे दोघंही अनंताकडे धावलेले. फीत रस्त्यात पडलेली. उचलून स्वतःच छातीला लावली नि तोडली. सैल फीत तोडायला जोर लागतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अनंत ठीक आहे. उपाशीपोटी आला होता, बेशिस्त.
बक्षीस समारंभात अध्यक्षांनी माईकवरूनच विचारलं, मास्तर, अनंत दिसला नाही का? शर्यत ही शर्यत, असं ठणकावणार होतो. पण समोर माझे पन्नासेक जुने विद्यार्थी, नि ती कविता सगळ्यांना पाठ. म्हणालो, नाही दिसला. चष्मा तर डोळ्यांवर होता, म्हणून पुढं म्हणालो, हल्ली चष्म्यातूनही धूसरच. अध्यक्ष म्हणाले, आणि हाक? म्हणालो, हल्ली कानही गेलेत.
गोकुळदास उठून म्हणाला, दिसलं असतं तर मास्तर थांबलाच असता.
टाळ्या. कप मलाच. डोळे-कान गेलेले असूनही पूर्ण केली म्हणून.

२८ जानेवारी
मुलानं, परेशनं, स्कूटरची चावी काढून घेतली. सोमवारी म्हापशाला डोळ्यांचा डॉक्टर, मंगळवारी कानांचा. बायको, कमलाक्षी, प्रत्येक वाक्य दोनदा ओरडते. कप कपाटावर. कुणी विचारत नाही.

२९ जानेवारी, सकाळी ५.५०
गोकुळदास दारात उभा. आजपासून रोज मला हाताला धरून फिरवणार. सावकाश नेईन म्हणतो.
सोबत काठी आणलीय. पांढरी.