उपाशी मका आणि चार हिरव्या ओळी

आणे, ता. जुन्नर
३० ऑगस्ट १९९८

तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही धाकटे, चिरंजीव म्हणावं तर लवकरच डॉक्टर होणार. म्हणून नुसतंच मेव्हणे दादाभाऊ यांस सावळेरामचा नमस्कार. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? इकडे तुमची बहीण साळुबाई खुशाल. मी आहे, एवढंच लिहितो.

मृगाच्या आधी तुम्ही आलात, जेवलात आणि "भाऊजी, मक्याच्या अभ्यासाला अर्धा एकर द्या," म्हणालात. मी हो म्हटलं (पोटात आमरस असला की माणूस कशालाही हो म्हणतो). चाळीस वाण, प्रत्येकाची एक ओळ युरियाच्या पट्टीत, एक बिनयुरियाच्या. कमी नत्रातही कुठल्या वाणाला फुलोरा वेळेवर येतो आणि तो गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो, हे तुम्हाला शोधायचंय. शोधा. पण उपाशी पट्टी ऐन रस्त्याकडेला कशाला? शेजारचा कुशाबा तर समोरची एसटी सोडून बांधावर थांबला. "युरिया संपला व्हता तर सांगायचं न्हाई का राव? माझ्याकडं अर्धी गोण हाय." त्याला प्रयोग समजावला तर म्हणाला, "म्हंजी निम्म्यांना जेवाया घालायचं, निम्म्यांना न्हाई, अन् वहीत लिवायचं?" याला विद्यापीठात काय उत्तर देतात ते कळवा.

रोज सकाळी वही घेऊन मी ओळीत उभा. तुरा कधी आला, कणसाला रेशीम कधी सुटलं. युरियाच्या पट्टीत दोन्ही दोन दिवसांच्या अंतरानं. उपाशी पट्टीत तुरा झडून मोकळा होतो आणि रेशीम आठवड्यानं येतं; तोवर पराग कुठला शिल्लक? कणीस बोळकंच राहतं (चोपन्न वर्षं मका खाल्ला, पण ही भानगड ठाऊक नव्हती).

आता खरं विपरीत घडलं ते ऐका. नागपंचमीनंतर पाऊस झाला आणि उपाशी पट्टीतल्या रस्त्याकडच्या चार ओळी काळ्याभोर हिरव्या झाल्या. गेल्या बुधवारी तुमचे सर जीपमधून उतरले ते थेट तिथंच. "इथं युरिया कुणी टाकला?" मी काय सांगणार? साळुबाईचं मन फार मऊ आहे, एवढंच बोललो. तिनं सरांपुढं चहा असा आदळला की बशीला तडा गेला. सरांनी चारही ओळींवर लाल रेघ मारली. हे वाण पुढच्या खरिपात परत लावल्याशिवाय प्रबंध पुरा नाही म्हणाले. म्हणजे तुमची पदवी वर्षभर लांबली, आणि लग्नही (तुमचे होणारे सासरे डॉक्टर झाल्याशिवाय अक्षता टाकू देत नाहीत).

तेव्हा तुमच्या खुंट्या, पाट्या, वही सगळं घेऊन जा. माझ्या रानात असली उपासमार पुन्हा होणे नाही.

आपला,
सावळेराम

ता.क. तेवीस नंबरच्या ओळीला उपाशी पट्टीतही तुरा आणि रेशीम एका दिवसाच्या अंतरानं आलं. दाणा छान धरलाय. आपल्या पठाराच्या हलक्या रानाला असाच मका पाहिजे. त्याचं थोडं बी मिळेल का? पुढच्या वर्षी हवं तर अख्खा एकर घ्या.

ता.क. दुसरा. दादाभाऊ, मी साळुबाई. पत्र टपालात टाकायला माझ्याकडं दिलंय, म्हणून लिहिते. युरिया मी टाकला नाय. मी त्या दिवशी आळेफाट्याला गेले व्हते. आले तर हे घमेलं धूत व्हते. विचारलं तर म्हणाले, "पिवळं पडलेलं बघवंना." मग चारच ओळी का, तर पाचवीला तुझं लगीन आठवलं. सरांना खरं काय ते सांग. आन् बी देशील ते माझ्या हातात दे.