मेर्वीची शिकवणी

ओउलू, ५ जानेवारी २०१६

चि. मेर्वीस, योर्मादादाचे अनेक आशीर्वाद.

लाकूड गिरणी बंद पडल्यावर तू महिनाभर खिडकीतून बर्फ बघत बसली होतीस. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी सॉफ्टवेअर शिकून त्या नोकरीच्या मुलाखतीला निघालीस. अभिमान वाटतो, पण तोंडावर सांगणार नाही, डोक्यावर बसशील. तयारीसाठी दर शनिवारी माझ्याकडे ये. तीस वर्षं मी हेच काम केलं, माणसंही मीच निवडायचो. विसरण्याचा हा आजार हळूहळू वाढेल म्हणतात डॉक्टर. म्हणजे तुला शिकवण्यापुरता वेळ आहे.

तुझी सिर्कावहिनी सामन माशाचं सूप करणार आहे. माया आहेच.

केमी, १ फेब्रुवारी

ती. दादास, मेर्वीचा नमस्कार.

परवा रडवलंस मला. प्रोग्राम हळू का चालतो म्हणून विचारलंस, मी काहीतरी ठोकून दिलं, तर म्हणालास की थापाड्या माणसाला तू दारातूनच परत पाठवलं असतंस. "येत नसेल तर येत नाही म्हण. मग कसं शोधशील ते मोठ्यानं बोल." गाडीत बसल्यावर राग ओसरला. सिर्कावहिनींचे वेलदोड्याचे पाव घरी पोचलेच नाहीत, वाटेतच संपवले.

रागावत जा, पण लोभ कमी करू नकोस.

ओउलू, ३ मार्च

प्रिय मेर्वीस, सिर्काचा आशीर्वाद.

या शनिवारी येऊ नकोस. काल योर्मा कॉफीचं भांडं हातात धरून नुसता उभा राहिला, पुढं काय करायचं ते त्याला सुचेना. संगणकापुढं बसवलं तर रडला. मुलाखत सोडून इकडं राहायला येते म्हणालीस, ते मी त्याच्या कानावर घातलेलं नाही. बाई, त्यानं आपले धड असलेले शेवटचे शनिवार तुला दिले. ते वाया घालवू नकोस.

फोनवर तो गोंधळतो. पत्रच लिही.

केमी, १९ मार्च

ती. दादास, नमस्कार.

नोकरी मिळाली. समोर तिघं होते, वयानं पोरंच. फळ्यावर प्रोग्राम लिहून त्यातली चूक शोधायला सांगितली. मला दिसेना. तसं सांगून टाकलं आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेले. सापडली ती भलतीच चूक, त्यांनाही ठाऊक नसलेली. दाढीवाला हसला, असं कुणी शिकवलं म्हणून विचारू लागला. फार मोठ्या मनाच्या माणसानं, एवढंच मी म्हणाले.

प्रकृतीला जप. तुझीच.

ओउलू, २ एप्रिल

चि. मेर्वीस, आशीर्वाद.

तुझं पत्र सिर्कानं वाचून दाखवलं. फार आनंद झाला. मीही पूर्वी याच कामात होतो, असं ती सांगते. तुला शिकवणारा माणूस जाणता दिसतो. जरा कडक असेल, पण अशी माणसं मिळत नाहीत. नोकरी लागल्याचं त्याला कळवलंस ना? शिकवणाऱ्याला लोक विसरतात. त्याला माझा नमस्कार सांग.

केमी, ७ एप्रिल

ती. दादास, मेर्वीचा नमस्कार.

तुझा निरोप मी स्वतःच नेऊन देणार आहे. तो माणूस ओउलूतच राहतो. रविवारी त्याला भेटायला येते आहे. तू घरीच अस.

माया असू दे.

तुझी
मेर्वी