अस्वलांची घंटा

शनिवार, संध्याकाळ. ॲडम्सटाउन

मृणाल जपानहून आली आणि आज सगळ्यांना पावभाजीला बोलावून तिने टीव्हीवर फोटो दाखवले. मागोमे ते त्सुमागो, डोंगरातली ती जुनी पायवाट, लाकडी घरांचं ते जपलेलं गाव. सगळा प्लॅन माझा! कुठे मुक्काम, कोणती खोली, सगळं मी शोधलेलं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, आमचं जाणं रद्द झालं, तर मीच मोठ्या मनाने तिला तो प्लॅन पाठवून दिला. कोणी सांगितलं होतं?

त्या वाटेवर अस्वलांना पळवायला घंटा टांगलेल्या असतात. हेही मीच तिला सांगितलेलं. पण ही बाई असं सांगत होती, जणू घंटा हिनेच टांगल्यात. मी आपली "मस्तच गं" करत पाव भाजत उभी.

मग व्हिडिओ लागला. मृणाल घंटा वाजवते आणि ओरडते, "ही तुझ्या नावाची गं, अनू!" सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

घरी येताना नवरा म्हणतो, "मैत्रीण ग्रँड आहे हं तुझी."

तिथे तरी मला विसरायचं ना तिने. आता धड चिडताही येत नाही.