मलमलीची पट्टी

प्रिय बाबा,

तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला. काल आईने तुमचे शर्ट देऊन टाकण्यासाठी काढायला सांगितले. निळ्या शर्टाच्या खिशात मलमलीची ती पट्टी मिळाली, म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं. रडू अजून आलेलं नाही.

तो रविवार आठवतो? मी प्रयोगशाळेतून दोन बाटल्या घरी आणल्या होत्या. एकीत कापड रंगवून उरलेलं लाल पाणी. दुसरीत तेच पाणी, आमच्या जाळीने वीज देऊन साफ केलेलं. महागडं प्लॅटिनम नाही, लोखंड-निकेलचा लेप दिलेली साधी जाळी. एकीकडे पाणी साफ होतं, दुसरीकडे हायड्रोजन निघतो, असं मी समजावत होते. तुम्ही ऐकत होता का? परळच्या मिलमध्ये, कापड रंगवायच्या डाइंग खात्यात तुमचा जन्म गेलेला. तुमची नजर बाटलीवरच होती.

तुम्ही मलमलीची पट्टी फाडलीत, साफ पाण्यात बुडवलीत आणि गॅलरीच्या दोरीवर घातलीत.

आई म्हणाली, "झालं. मिल परत चालू झाली."

वाळल्यावर पट्टी उजेडात धरून तुम्ही म्हणालात, "लाल गेलो गो. पिवळो रवलो."

मी हसले. "बाबा, रंग मोजायच्या मशीनने शून्य दाखवलंय."

"मशीनाक पिवळो बघूक सांगितलंस काय?"

मी बाटल्या पिशवीत भरल्या. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. का नाही काढलात? एकदा ओरडला असतात तरी चाललं असतं.

आज पट्टी घेऊन प्रयोगशाळेत गेले. मशीन फक्त लाल रंगावर लावलेलं होतं. साफ पाण्याची तीच बाटली पुन्हा तपासली, या वेळी सगळ्या रंगांसाठी. पिवळा निघाला. लाल रंग तुटला होता, त्याचे तुकडे पाण्यातच होते. या जाळीवरचा आमचा लेख छापायला जाणार होता, तो थांबवायला प्रयोगशाळेतल्या सरांना सांगितलं.

सरांनी विचारलं, "तुझ्या कसं लक्षात आलं?"

"बाबांनी सांगितलं होतं."

ते तुमच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलले. मी मान हलवली.

जाळी वाईट नाही, बाबा. लेप बदलून पुन्हा करून बघणार आहे. यापुढे प्रत्येक बाटलीत आधी पट्टी बुडवीन आणि ती वाळेपर्यंत थांबेन. पट्टी कोरी निघाल्याशिवाय पाणी साफ झालं असं कुठेही लिहिणार नाही.

पहिली कोरी पट्टी तुमच्या खिशात ठेवीन. निळा शर्ट मी कुणाला दिलेला नाही.

तुमची,
नीता