दुकानामागची खोली

ता. ३ जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. आणि त्यावर एक धपाटा. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझा बाबा सांगत होता, लेक दिवसभर कानाला यंत्र लावून परक्या लोकांच्या तक्रारी ऐकते, तिकडे खोलीवर आली की फोन नुसता दिसला तरी तिच्या कपाळाला आठ्या पडतात. मग म्हटलं कागद बरा, तो वाजत तरी नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही रडतखडत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तर बातमी अशी की मी वेगळं बिऱ्हाड केलं. घाबरू नकोस, कुणाशी भांडण नाही. तुझ्या आजोबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान ते गेल्यापासून बंदच आहे आणि त्याच्या मागे एक खोली आहे. बाबा दोन्ही एका औषधवाल्याला भाड्याने देणार आहे. त्याआधी झाडलोट करून येते म्हणून मी गेले. झाडलं, पुसलं, चहा केला, जरा टेकले. आणि टेकलेलीच राहिले. संध्याकाळी बाबा न्यायला आला तेव्हा त्याला म्हटलं, मी आता इथेच राहीन म्हणते. तो हसला. मी हसत नाही हे बघून मग त्याचा चेहरा उतरला.

अगं, माहेरी खंडीभर भावंडं, सासरी दिरा-नणंदांचा गोतावळा, मग पोरं, मग नातवंडं. उभ्या जन्मात मी एकटी झोपले ती फक्त इस्पितळात, आणि तिथेही शेजारची बाई घोरत होती. तुमच्या घरात वाईट कुणीच नाही. पण दिवाणखान्यात टीव्ही, आत तुझी आई फोनवरून शिकवण्या घेणार, तुझा भाऊ खेळातल्या बंदुका उडवणार, बाबाचे दोन दोन फोन, आणि मधल्या खाटेवर मी. कान किटले होते माझे. ते मला इथे आल्यावर कळलं, आधी वाटायचं म्हातारपणामुळे डोकं दुखतं.

पहिल्या संध्याकाळची गंमत ऐक. स्टोव्हपुढे उभी राहिले आणि सुचेना काय करावं. तुझ्या आजोबांना काय आवडायचं ते ठाऊक, बाबाला काय चालत नाही ते ठाऊक, तुला तिखट किती ते ठाऊक. मला स्वतःला काय आवडतं ते कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. शेवटी चहात पाव बुडवून खाल्ला आणि एकटीच हसत बसले.

औषधवाला पुढच्या महिन्यात येईल, तोवर राहा, असं बाबा म्हणालाय. वर भिंतीवर कॅमेरा ठोकून गेलाय. त्यातून तो मला बघतो आणि बोलतो पण. मी लुगडं बदलायला काढलं की भिंत विचारते, आई, जेवलीस का.

लोभ आहेच तुझा. पत्राचं उत्तर पत्रानेच दे, म्हणजे तो दिसेल तरी.

तुझी आजी

ता. १२ जुलै

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. तुझं अक्षर आमच्या साहेबांच्या अक्षरापेक्षा बरं आहे, तेव्हा काळजी करू नकोस.

आधी कामाचं लिहिते, म्हणजे बाबाला सांगता येईल की लिहिलं. बाबाने मला बजावलंय की काहीही करून आजीचं मन वळव. तू पडलीस तर कोण उचलणार, रात्री दुखलं-खुपलं तर कुणाला हाक मारणार, लोक म्हणतील की मुलाने आईला दुकानात ठेवलं. आईला तर वाटतं की तिचंच काही चुकलं. ती दोनदा रडली. झालं, हे सगळं मी तुला नीट समजावून सांगितलं असं धर.

आता माझं. आजी, मला तुझा हेवा वाटतो. इथे आम्ही चौघी जणी भाड्याच्या एका जागेत राहतो. एकीची मालिका, एकीचा व्यायाम, एकीचं लग्न ठरवणं चाललंय ते सगळं माझ्या उशाशी. कामावर तर काय, कुणाचं यंत्र बिघडलेलं असतं, कुणाचं सामान पोचलेलं नसतं आणि शिव्या मला. मी सगळ्यांना म्हणते, आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहे. परवा दूधवाल्याशी बोलताना तेच तोंडून गेलं. त्याला वाटलं मी त्याची टिंगल करते.

रविवारी सगळ्या बाहेर गेल्या होत्या. मी दार लावून गप्प बसून पाहिलं. पण जागा शांत झाली तरी कानात तेच लोक ओरडत राहिले. मी बसल्या जागी त्यांची माफी मागत होते. शेवटी मीच टीव्ही लावला. तुला कशी गं शांतता मिळाली? मला का नाही मिळत?

जेव. औषधं घे. माया आहेच, ती इकडे पाठवत जा, मला कमी पडते.

तुझी भिंगरी

ता. २० जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. तुझ्या आईला सांग की रडू नको, तिच्यासारखी सून मिळायला नशीब लागतं. मी तिला कंटाळून नाही आले. माझी मला कधी गाठच पडली नव्हती, ती घ्यायला आले. हे तिला नीट शब्दांत सांग, मला तोंडाने जमणार नाही.

तू विचारलंस शांतता कशी मिळाली. बाई गं, ती काय दारातच उभी नव्हती. पहिले आठ-दहा दिवस मीही ऐकत होते. कुणी हाक मारली असं वाटून उठायचे. दारापर्यंत जायचे, कुणी नाही. परत बसायचे, की कुकरची शिट्टी झाली असं वाटायचं. तो कुकर तिकडे तुमच्या घरी. मेलेल्या माणसांच्या सुद्धा हाका यायच्या. माझ्या सासूबाई तर दिवसातून चारदा. मग मी भांडायचं सोडून दिलं. म्हटलं या, बोला, मी हातातलं काम करते. आजोबांचे मशीनचे सुटे भाग डब्यांत तसेच पडले होते, ते तेलाच्या फडक्याने पुसायला घेतले. एक एक चकती, एक एक स्क्रू. हात गुंतले की कानावरचा जोर कमी होतो. आधी आतला बाजार उठावा लागतो बघ, आणि बाजार काय एकदम उठत नाही. शेवटचा भाजीवाला उगाच रेंगाळतोच. तू एका रविवारात उठवायला निघालीस.

आता मंगळवारचा तमाशा ऐक. कॅमेरा सारखा डोळे वटारून बघतो म्हणून मी त्याला सकाळी माझी कानटोपी घातली. चांगली शोभली. नंतर मटारच्या शेंगा घेऊन मागच्या दारात बसले. थोड्या वेळाने दुकानाच्या बाजूने ठोकाठोक ऐकू यायला लागली. मी म्हटलं शेजारच्या कारखान्यात काही चाललंय. माझं नाव घेऊन कुणी बोलवत नव्हतं, मग कशाला उठू. इकडे तुझ्या बाबाला कॅमेऱ्यात नुसता काळोख दिसला. त्याने हाका मारल्या असतील, पण लोकरीतून मला काय ऐकू येणार. ऑफिस टाकून, वाटेत सुताराला पकडून, दुकानाचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. सुतार म्हणे विचारत होता की मागून वाट नाही का. पण घाबरलेल्या माणसाला मागचं दार आठवतं का? बरं, जो याच दुकानात लहानपणी दिवसातून वीसदा मागच्या दारानेच पळायचा, त्याला.

मग केव्हातरी मागे आला. मला बघितलं, आणि मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण कसलं काय. मी जेवलास का विचारलं, त्याने मान हलवली, आत जाऊन खाटेवर आडवा झाला आणि दिवे लागेपर्यंत झोपला. उठला, चहा घेतला आणि गेला. आता औषधवाल्याचं काय, माझं काय, काहीच बोलला नाही. माझा जीव टांगणीला लागलाय. दार मात्र अजून भिंतीला टेकवून ठेवलंय.

माया पाठवली आहे, पोचली की कळव.

तुझी आजी

ता. २२ जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. बाबाचं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायला गेलो तर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून आजीचा कित्ता गिरवतो आहे.

मंगळवारचा प्रकार आजीने तुला कळवलाच असेल आणि माझी भरपूर चेष्टाही केली असेल. ती रास्त आहे. पण एक गोष्ट तिला माहीत नाही. मी मागच्या बोळात आलो तेव्हा तिला मी दिसलो नाही. ती दारात पाटावर बसली होती. शेंगा सोलून झाल्या होत्या, हात मांडीवर होते, समोर नुसती भिंत होती आणि ती तिच्याकडे बघत होती. पुढे सुतार दणादण हाणत होता, त्याचा तिच्यावर काही परिणाम नव्हता. मी जन्मापासून हा चेहरा बघतो आहे. पण त्या चेहऱ्यावर कुणाची तरी वाट, कुणाची तरी काळजी, कुणीतरी हाक मारेल ही तयारी कायम असायची. मला वाटायचं की आईचा चेहराच तसा आहे. त्या दिवशी त्यातलं काही नव्हतं. मला ती बाई ओळखू येईना, आणि ती फार सुंदर दिसत होती.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. ऑफिसचा माल नेणारा ट्रक अडकला होता कुठेतरी. तिने वर पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो चेहरा गेला आणि आई आली. लगेच विचारलं, जेवलास का. माझ्या हातून काहीतरी मोडलं असं मला वाटलं. दोन्ही फोन बंद केले आणि झोपलो. इतकी झोप मला किती वर्षांत लागली नव्हती, सांगता येत नाही.

औषधवाल्याला नाही कळवलं आहे. कॅमेरा उद्या काढून आणतो. आजीला मी हे सांगणार आहेच, पण काय पाहिलं ते सांगणार नाही. सांगितलं तर ती सावध होईल.

तुझी आई आशीर्वाद सांगते. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, फक्त तो फोनवर ओरडून सांगायची सवय मोडतो आहे.

बाबा

ता. ३० जुलै

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

बाबाचं पत्र आलं. औषधवाला गेला, कॅमेरा गेला, अभिनंदन! मी कामावर टेबलाखाली ठेवून पत्र वाचलं आणि एका चिडलेल्या गृहस्थांना चुकून म्हणाले की फार आनंद झाला.

आजी, आता मुद्द्याचं. मी नोकरी सोडून तुझ्याकडे येऊ का? थोड्या दिवसांसाठी नाही, राहायलाच. पुढे दुकान रिकामंच आहे, मध्ये पडदा लावला की माझी खोली. तुझ्या जवळच काहीतरी काम बघेन. मी तुला त्रास देणार नाही. फोन आणणार नाही, गाणी लावणार नाही, मांजरासारखी वावरेन. आपण दोघी गप्प राहू. बाबाला विचारलं, तो म्हणाला की आजीला विचार. खरं सांगते, मला इथे आता श्वास घेता येत नाही. लवकर कळव. मी सामानाची खोकी मागवली आहेत.

तू नाही म्हणणार नाहीस, हे माहीत आहे. तरी विचारते.

तुझीच भिंगरी

ता. ६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. आज एक जास्तीचा घे, पुढे लागेल.

तुझं पत्र वाचलं आणि मी लगेच उठून दुकानात गेले. पडदा कुठे लावायचा ते ठरवलं. तुझी खाट खिडकीपाशी, आजोबांचा सुट्या भागांचा खोका बाहेर. बाजारात जाऊन तुझ्या चवीची चटणी सुद्धा आणली. संध्याकाळी भात लावला तो दोघींचा लावला. ताटं मांडली आणि मग दाराकडे कान देऊन बसले. तू अजून निघाली पण नव्हतीस, आणि माझे कान दाराशी जाऊन बसले होते.

तेव्हा मला भीती वाटली गं.

तू फोन आणणार नाहीस हे मला पटतं. तू मांजरासारखी वावरशील हेही पटतं. पण मी काय करू माझं? तू गप्प बसलीस तर मी तुझं गप्प बसणं ऐकत बसेन. आज का बोलत नाही, जेवली कमी, कूस बदलली, झोप लागत नसेल. मी अशीच घडले आहे आणि या वयात दुसरी घडणार नाही. कुणी माझ्या जवळ असलं की मी त्याचीच होते, माझी उरत नाही. तुझी असणं मला आवडतं, म्हणूनच तुझी भीती बाबापेक्षा जास्त.

तुझ्या पत्राचं उत्तर चार दिवस अडवून ठेवलं. तुला काय वाटेल, बाबा काय म्हणेल, कुठली आजी असं करते. मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. सासूबाईंना नाही, ह्यांना नाही, पोरांना नाही. मनात नसताना हो म्हणायचं आणि मग भांडी जोरात घासायची, हीच माझी रीत. तुझ्याही बाबतीत तीच केली असती तर तुला वर्षभरात भांड्यांचा आवाज ऐकू आला असता.

म्हणून, बाळा, नाही. राहायला येऊ नकोस.

बघ, लिहिलं. छत कोसळलं नाही. तुझं तिकडे बरं चाललेलं नाही हे मला कळतं. नोकरी सोडावीशी वाटते तर सोड, त्याला माझी ना नाही. त्या तिघींपासून वेगळी खोली बघ, लहान असली तरी चालेल, भिंत असली म्हणजे झालं. पण ती खोली तुझी हवी. माझ्या सावलीत बसून तुला माझीच शांतता मिळेल, आणि ती दोघींना पुरणार नाही. तू अजून मोठ्या बाजारात आहेस, तुला तुझा स्वतःच उठवावा लागेल. मी सत्तरीत शिकले, तू लवकर शीक.

आता रुसशील. रुस, पण जेवून रुस. आणि शनिवारी ये. मी दोन दिवस मनापासून तुझी होईन, तुझं सगळं ऐकेन, तुझ्या तक्रारी सुद्धा, आणि त्याबद्दल अजिबात दिलगीर नसेन. राग असेल तर समोर बसून भांड. चटणी आणलेलीच आहे, ती संपव.

लोभ पूर्वीइतकाच ठेव, वाढला तर मी घेईन. पण सोमवारी सकाळच्या गाडीने परत जा.

तुझी आजी