लाल दोऱ्याची पिपेट

दिग्रस, ता. ९ फेब्रुवारी १९६२

चार पानाचं पत्र, अन् आजी जित्ती का मेली हे विचारायले एक ओळ नाई. सारं पत्र त्या काचेच्या नळीचं.

चि. सुमेधास आशीर्वाद व जय भीम. मी जित्ती आहो, गुडघे मेले, चक्कर येते.

दवाखान्यात रक्त तपासायले शिकाऊ म्हणून लागली, आता काय शिकली ते तूच लिवतं. बोटातलं रक्त पिपेटीत तोंडानं ओढा लागते, रेघेवर थांबवा लागते, टोक पुसा लागते, मंग हळूच फुंकून औषधात सोडा लागते. अन् परवा एकाचं रक्त थेट तुह्या जिभेवर आलं. येईनच. लहानपणी आंबा चोखे तं कोय घशात जाये तुह्या. चोखाचं काम अन् घाई एका घरात नांदत नाई.

पण डोकं फिरलं ते पुढच्या ओळीनं. तुह्यासंगं काम करणाऱ्या नीळकंठबाबूनं तुह्या पिपेटीले लाल दोरा बांधला, वेगळ्या पेल्यात ठेवली, अन् तू लिवतं, फार टापटिपीचा माणूस आहे. वा रे मॅट्रिक. हाटेलाबाहेर आपल्या लोकायसाठी खुंटीले वेगळा कप टांगलेला राहे, तो बी टापटिपीनंच टांगे हाटेलवाला. त्याचा कान तुटलेला राहे. वेगळं काढून देलेलं भांडं धड असलेलं मी तं पाह्यलं नाई.

तुह्या तपासणीत साऱ्याईच्या अंगात रक्त कमीच निघते, म्हणून दवाखान्याचा साहेब महिनाअखेर घरी पाठवतो म्हणते. पहिले त्या नळीचं टोक पाह्य, मंग हाताले रड.

पंचफुला

यवतमाळ, ता. १७ फेब्रुवारी

ती. आजीस सुमेधाचा सविनय जय भीम. वि. वि. टोक खरंच उडालेलं निघालं, अगदी बारीक. रेघेपर्यंत भरलं तरी रक्त तेवढं कमीच यायचं, म्हणून तपासणीत सगळेच अशक्त निघायचे. मी साहेबांसमोर शिपाई देवीलालकाकांच्या एकाच बोटाचं रक्त दोन्ही पिपेटींनी घेतलं. रेघ डोळ्यांसमोर धरली, बुडबुडा येऊ दिला नाही, टोक पुसलं. माझ्या पिपेटीनं काका आजारी निघाले, नीळकंठबाबूंच्या पिपेटीनं धडधाकट. काका म्हणाले, "बाई, मले दुसरंच लिहा."

साहेबांनी दोऱ्यासकट ती फेकून दिली. आता सगळ्या पिपेटी एकाच भांड्यात असतात आणि मला ठेवून घेतलं आहे. नीळकंठबाबूंचा मात्र तेव्हापासून दात दुखतो, पिपेट तोंडाला लावता येत नाही म्हणतात. त्यांचंही काम मीच करते. जाऊ दे म्हणते. तुझी चक्कर कशी आहे? लोभ आहेच, तो राहू दे.

सुमेधा

दिग्रस, ता. २१ फेब्रुवारी

जाऊ दे म्हणणारी माह्या घरात कुठून आली? दात त्याचा दुखते अन् काम तू ओढतं.

चि. सुमेधा, आशीर्वाद, जय भीम. टोक उडालेलं निघालं याचं मले नवल नाई. नवल हे, का रोज लोकायचं रक्त ओढणाऱ्याले रक्तात जात दिसली नाई, अन् एका पोरीच्या थुंकीत दिसली.

त्या दाताचं औषध घेऊन सोमवारच्या यष्टीनं येतो. चक्कर खरीच येते मले, खोटं काही करा लागत नाई. रांगेत बशीन, अन् बोट नीळकंठबाबूपुढंच धरीन. तू मधात पडजो नको. एका भांड्यातली हाताले येईन ती पिपेट त्यानं उचलावी, तुह्या तोंडाची असो का कोणाच्या, अन् ओढावं. नाई ओढलं, तं काहून नाई ते साहेबापुढं साऱ्या रांगेले सांगावं. दात म्हणीन, तं तोंड उघडून पाहीन. किडका दात मले कळते, अन् न किडलेला बी.

रक्त देऊन मी परतीच्या यष्टीनं जाईन, थांबणार नाई. माह्या रक्तात काय निघालं ते तू लिवजो नको. तुह्यं अक्षर मले माहीत आहे. पत्र नीळकंठबाबूनंच लिवावं, स्वतःच्या हातानं, अन् वरती घालावं: ती. पंचफुलाबाईस.

पंचफुला