खरं ते मराठीत

अण्णा, ‘मखलाशी’ हा शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा लग्नाआधी, आपल्या माधव नगरच्या घरात मेथी निवडत बसले होते. तुमच्या कचेरीतले एक गृहस्थ “आप तो हमारे बड़े भाई हैं” म्हणून नुकतेच गेले होते. त्यांचा कप मोरीत ठेवत तुम्ही म्हणालात, “नुसती मखलाशी.” अर्थ विचारला, तर तुम्ही पाट ओढून बसलातच. दरबारात कागद लिहून झाला की जाणता कारकून त्यावर शेवटचा हात फिरवायचा, ती मखलाशी. आपले पूर्वज तेच करायचे. पुढे हात फिरवणंच इतकं वाढलं, की मजकूर राहिला बाजूला आणि गोड, पोकळ बोलण्याला तो शब्द चिकटला. “आणि गंमत बघ, बिनभेसळीच्या दुधाला खालिस म्हणतो ना आपण, त्याच घराण्यातला शब्द.” पूर्वजांचं बरं दिसावं म्हणून तुम्हीही ही गोष्ट जरा घासूनपुसून सांगताय, अशी शंका मला तेव्हाच आली होती.

या हिंदी मुलखात आपल्या घराचा कायदा तुमचाच. गोड बोलायचं ते हिंदीत, खरं ते मराठीत. अजून आठवतं, टावर चौकात तुमचे साहेब भेटतात. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणता, “साहब, घर में जो थोड़ी-बहुत समझ है, इसी की है.” मी लाजते, पण घर येईपर्यंत वाट बघते, की हे मराठीत कधी म्हणताय. दारात तुम्ही म्हणता, “चपला नीट काढ.” पुढे तुम्ही हे जग सोडून गेलात, ते वाक्य मराठीत आलंच नाही, आणि मी ते आजतागायत खरं धरलेलं नाही. याचा राग येतो मला, अण्णा.

आता घरात माझी सून आहे, इथलीच, फ्रीगंजमधल्या हिंदी घरातली. मला ताप आला की खिचडी करते, पाय चेपते, म्हणते, “मम्मीजी, आपके बिना घर सूना लगता है.” आणि मी पडल्या पडल्या विचार करते, हिला नक्की हवंय काय? दागिने? वरची खोली? तिने आजवर काहीच मागितलेलं नाही, म्हणून संशय आणखी वाढतो. परवा तिने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली आणि जुळवून जुळवून मराठीत म्हणाली, “आई, तुम्ही माझ्यावर विश्वास नाही करत.” कुणाकडून शिकली कोण जाणे. डोळे भरले होते तिचे.

अक्षर न् अक्षर खरं होतं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “नहीं बेटा, ऐसी कोई बात नहीं है.”